सहा मैल आणि अकरा स्टाईल : फॉक्सटन लॉक्सच्या ग्रुप वॉकचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. एक स्टार कुठे गेला ते पुढे येईलच, पण ज्यांना नुसते स्टार बघून ठरवायचंय त्यांनी निदान स्टाईलवाला (फॅशन नव्हे, शेताच्या कुंपणावरून चढून जायच्या फळ्या) भाग तरी वाचा, खास करून ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत आणि दर शनिवारी यांना आता कुठे न्यायचं हा प्रश्न ज्यांच्या घरात आहे त्यांनी.

तर आमच्याकडे सासूबाई आल्यापासून चार आठवडे आम्ही त्यांना मॉल, किल्ला, मॉल, चर्च, परत मॉल असं फिरवत होतो आणि एके दिवशी त्याच म्हणाल्या, अगं इथे लोक दुसऱ्यांच्या शेतातून चालत जातात म्हणे, ते खरं का? त्यांना हे कुणी सांगितलं माहीत नाही. मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकीने आमच्या भागातल्या एका वॉकिंग ग्रुपची लिंक पाठवली. ग्रुपचं नाव घेत नाही कारण पुढे तक्रारी आहेत आणि माणसं सगळी व्हॉलंटियर आहेत, पगार कुणालाच नाही, पहिले दोन-तीन वॉक असेच या आणि आवडलं तर मेंबर व्हा असा साधा कारभार. लिस्टिंगमध्ये लिहिलेलं की फॉक्सटन लॉक्सपासून गोल रूट, सहा मैल, कॅनॉल, लेन आणि शेतातल्या पायवाटा, वेग आरामाचा, शेवटी पब ज्याला यायचं त्याने. सहा मैल म्हणजे साडेनऊ-पावणेदहा किलोमीटर, आई (म्हणजे सासूबाईच) रोज सकाळी तासभर चालतातच, म्हणलं होऊन जाईल.

मे महिन्याचा पहिला शनिवार, सकाळी दहा. माहीत नसेल त्यांच्यासाठी, फॉक्सटन लॉक्स म्हणजे कॅनॉलवर बोटी चढवायच्या-उतरवायच्या दारांचा जिना, इंग्लंडात लेस्टरशायरमध्ये आहे, मार्केट हार्बरोजवळ, ट्रेनने आलात तर मार्केट हार्बरोला उतरून पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. वॉक फुकट असला तरी पार्किंगचे पैसे पडतात हे लक्षात ठेवा, नाहीतर आमच्यासारखं मशीनसमोर उभं राहून दहाला दोन मिनिटं कमी असताना ॲप डाउनलोड करत बसाल. आम्ही धरून १७ माणसं आणि दोन कुत्रे. बाकी सगळे एकदम तयारीत, हातात काठ्या, पायात घोट्यापर्यंतचे बूट, गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात नकाशा, आणि आम्ही असे की आई पंजाबी ड्रेसवर माझं जुनं जॅकेट आणि स्पोर्ट्स शूज, मी ट्रेनर्स, आणि नवरा शॉर्ट्समध्ये कारण ऊन पडलेलं. शॉर्ट्सचं काय झालं ते सांगतेच.

लीडर म्हणजे सत्तरी पार केलेले एक आजोबा. सुरुवातीला पाच मिनिटं बोलले आणि ती पाच मिनिटं इतकी मुद्द्याची होती की मला आमच्या ऑफिसातल्या मीटिंगा आठवून वाईट वाटलं. म्हणाले मी गेल्या मंगळवारी हा रूट चालून आलोय, दोन ठिकाणी चिखल आहे, एका शेतात गाई आहेत. सगळ्यात शेवटी पिवळं जॅकेट घातलेल्या बाई असतील, त्या बॅकमार्कर, त्यांच्या मागे कुणी राहायचं नाही, आणि झुडपामागे जायची वेळ आली तर आपली सॅक वाटेवर ठेवून जा म्हणजे कळेल की माणूस आत आहे. मधे कुठेही टॉयलेट नाही हे त्यांनी तेव्हा सांगितलं. हे आधी लिस्टिंगमध्ये लिहायला काय झालेलं, घरून निघताना चहाचे दोन मग पिऊन निघालेलो आम्ही. असो.

पहिले दीड-दोन मैल कॅनॉलच्या कडेने, उत्तरेला डेबडेलच्या दिशेला. हा भाग डोळे मिटून पाचपैकी पाच. कॅनॉल म्हणलं की आमच्या डोळ्यासमोर पाणी सुटायची वाट बघणारा कालवा येतो, आई पण पाचदा विचारत होत्या की यातून शेताला पाणी कसं सोडतात, आणि त्यांना हे पटतच नव्हतं की हे पाणी शेतासाठी नाहीच, हा रस्ता आहे, कोळसा न् माल वाहून न्यायला दोनशे वर्षांपूर्वी खणलेला. आपण चालतो ती टोपाथ म्हणजे घोड्याची वाट, घोडा कडेने चालणार आणि दोरीने बोट ओढणार, आणि जुन्या पुलांखाली कोपऱ्याला हात लावून बघा, दोऱ्या घासून घासून पडलेल्या खाचा कितीतरी ठिकाणी अजून तशाच आहेत. असली एक खाच बॅकमार्कर बाईंनी आईंना बोट धरून दाखवली. विहिरीच्या काठाला दोराने पडतात ना तशाच, आई म्हणाल्या, आणि मग त्या बाईंना हे मी भाषांतर करून सांगावं असा आग्रह. केलं.

बोटी फार नव्हत्या. नॅरोबोट म्हणतात त्यांना, रुंदी जेमतेम सात फूट आणि लांबी मोठ्यांची सत्तर फुटांपर्यंत, म्हणजे रेल्वेचा एक बारीक डबा पाण्यावर ठेवल्यासारखं दिसतं. स्पीड लिमिट ताशी चार मैल, त्यामुळे आम्ही आणि एक हिरवी बोट बराच वेळ बरोबरच चाललो होतो, बोटवाल्याशी एकदा गुड मॉर्निंग झालं की पुढे दहा मिनिटं एकमेकांकडे बघायचं का नाही हा मोठा अवघड प्रश्न होऊन बसतो. काही लोक कायमचेच बोटीवर राहतात. ज्यांच्याकडे बांधून ठेवायची स्वतःची जागा नाही त्यांना एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, पुढे सरकावंच लागतं, १९९५ च्या कायद्यात आहे ते. हे ऐकून आई म्हणाल्या विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आणि मग बोटीच्या छतावर रचलेली लाकडं, सायकल, कुंडीतला पुदिना वगैरे बघत बऱ्याच मागे पडल्या.

आणि इथे माझी पहिली तक्रार. ग्रुप वॉकमध्ये मागे पडणाऱ्याला विश्रांतीच मिळत नाही. पुढचे सात-आठ जण झपाझप जाणार, मग एका पुलाशी थांबून पाणी पिणार, गप्पा मारणार, पाय झटकणार, आणि आपण धापा टाकत तिथे पोचलो रे पोचलो की ते म्हणणार, ओके, सगळे आले, चला. म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांना पाच मिनिटं आणि ज्यांना गरज आहे त्यांना शून्य. हे एकदा नाही, चारदा झालं. आजोबा स्वतः पुढे असल्यामुळे त्यांना ते दिसत नसावं. शेवटचा माणूस आल्यावर दोन मिनिटं मोजून थांबायचं एवढा एक नियम केला तर अर्धी तक्रार संपेल.

मग कॅनॉल सोडून एका लेनने स्मीटन वेस्टर्बी गावाकडे. लेन म्हणजे दोन्हीकडे उंच कुंपण आणि मधे एक गाडी कशीबशी जाईल एवढा डांबरी रस्ता, फुटपाथ नाही. इथे एका रांगेत उजवीकडून चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, आणि उजवं वळण आंधळं असेल तर आधीच पलीकडे जायचं. गाडी आली की पुढचा ओरडतो 'कार', मग मागचा ओरडतो, मग त्याच्या मागचा, असं करत करत तो शब्द शेपटापर्यंत येतो तोवर गाडी निघूनही गेलेली असते. आईंना हा प्रकार फार आवडला, त्या पण ओरडायला लागल्या. कुंपणांवर हॉथॉर्नची पांढरी फुलं नुकती यायला लागलेली, ही काटेरी कुंपणं बरीचशी अठराव्या शतकात जमिनी वाटून बंदिस्त केल्या तेव्हाची.

याच भागात एका रिटायर्ड मास्तरांनी (मास्तर हे मीच ठरवलं, बोलण्यावरून) थॉमस कुकची गोष्ट सांगितली. १८४१ च्या जूनमध्ये हा माणूस मार्केट हार्बरोहून लेस्टरला पायी चालला होता, पंधरा मैल, दारूबंदीच्या सभेला. वाटेत त्याच्या डोक्यात आलं की लोकांना रेल्वेने एकत्र नेलं तर. जुलैत त्याने पाचशेच्या आसपास लोक लेस्टरहून लफबरोला नेले, भाडं एक शिलिंग. तिथून पुढे टूर कंपनी. म्हणजे आपल्या समस्त ग्रुप टूर, सकाळी साडेपाचचा वेक-अप कॉल, बसमधली अंताक्षरी, हे सगळं या भागात कुणीतरी पायी चालताना सुचलंय. मी उगाच त्या दिशेला आदराने बघितलं. तिकडे एक ट्रॅक्टर होता.

आता स्टाईल.

स्टाईल म्हणजे शेताच्या कुंपणावर पायरीसारख्या आडव्या फळ्या ठोकलेल्या असतात, त्यावर चढायचं, वरच्या दांड्यावरून एक पाय पलीकडे टाकायचा, मग दुसरा, आणि उतरायचं. माणूस जातो, गुरं जात नाहीत. लिस्टिंगमध्ये याचा उल्लेख शून्य. आजोबा म्हणाले पुढे काही स्टाईल आहेत तेव्हा आई मला हळूच म्हणाल्या, कसली स्टाईल गं, आणि मी पण कॉन्फिडंटली म्हणलं काही नाही हो, फाटकासारखं असतं. पहिली सोपी होती. दुसरी पण ठीक. तिसरी माझ्या छातीएवढी उंच, खालची फळी कुजलेली, पलीकडे उतरायच्या जागी चिखलाचं डबकं. चौथी काट्यांमध्ये. मी मोजायला लागले. अकरा झाल्या. अकरा!

तुम्हाला वाटेल आता सासूबाईंचे गुडघे. तर सासूबाई दांड्यावर हात ठेवून, ओढणी कमरेला खोचून, एक पाय इकडे एक पाय तिकडे आणि झालं. शेतावर वाढलेली बाई ती, म्हणाल्या बांध काय कमी ओलांडलेत का. अडकले आम्ही, नवऱ्याची शॉर्ट्स खिळ्याला अडकून चरकन फाटली ती चौथ्या स्टाईलवर. पण खरी पंचाईत झाली ती आमच्याबरोबरच्या एका बाईंची. त्यांचं वर्षापूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालेलं. सपाटीवर त्या आमच्यापेक्षा छान चालत होत्या, सहा काय दहा मैल चालल्या असत्या, पण पाय कमरेपर्यंत उचलून आडवा टाकणं त्यांना जमतच नव्हतं. प्रत्येक स्टाईलला दोघांनी धरायचं, त्या दर वेळी सॉरी म्हणायच्या, आणि पाचव्या-सहाव्यानंतर त्यांचा चेहरा असा झालेला की आता परत फिरताही येत नाही आणि पुढे किती आहेत ते विचारायचीही लाज वाटते. मला त्या क्षणी लीडरचा खरंच राग आला. मंगळवारीच रूट चालून आलात ना, मग मोजल्या का नाहीत? मैल सगळे लिहितात. मैलाने काही कळत नाही हो, कॅनॉलचे सहा मैल आणि अकरा स्टाईलचे सहा मैल ही दोन वेगळी जनावरं आहेत, आणि 'आरामाचा वेग' या शब्दांवर विश्वास ठेवून एखादी बाई घराबाहेर पडते.

एक स्टार तिथे गेला.

स्टाईलऐवजी काही ठिकाणी किसिंग गेट असतं, ते तुलनेने सोपं, गोल किंवा कोपरा केलेल्या कुंपणात एक फाटक मागेपुढे हलतं आणि एका वेळी एकच माणूस त्या खोबणीतून आत-बाहेर होतो. फाटक दोन्ही बाजूंना नुसतं टेकतं, कडी लागत नाही, म्हणून ते नाव. हे स्पष्टीकरण मी सासूबाईंना दिलं नाही. त्यांनी विचारलं याला काय म्हणतात, मी म्हणलं गेट. मागून नवरा म्हणाला पूर्ण नाव सांग ना. असो.

शेतातून जायचा हक्क हा प्रकार मात्र समजून घेण्यासारखा आहे. लाकडी खांबावर पिवळा बाण असेल तर ती पायवाट, निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. शेत कुणाचं का असेना, वाट सगळ्यांची, आणि १९४९ च्या कायद्याने कौंटीवाल्यांना या सगळ्या वाटा अधिकृत नकाशावर आणाव्या लागल्या. चालणाऱ्यांसाठी जे एक्सप्लोरर नकाशे मिळतात त्यांवर त्या हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. शेतकऱ्याला शेताच्या मधून जाणारी वाट नांगरता येते, पण पहिल्यांदा नांगरल्यावर १४ दिवसांत ती परत चालण्यासारखी करून द्यावी लागते आणि पिकातून निदान एक मीटर रुंद ठेवावी लागते. आई हे ऐकून थांबल्याच. बांधावरून कोर्टात गेलेली दोन घरं त्यांच्या भावकीतच आहेत. म्हणाल्या, आणि शेतकरी काही म्हणत नाही? आजोबा म्हणाले, म्हणतात ना, भरपूर म्हणतात, पण वाट राहते.

कागदावर एक मीटर आणि प्रत्यक्षात काय ते पुढच्याच शेतात कळलं. रेपसीडचं शेत, मे महिन्यात नुसतं पिवळंधमक, आईंनी लांबूनच ओळखलं, मोहरी! मोहरीचं भावंडच आहे ते. फोटोत जे दिसतं ते खरं आहे, खरंच तेवढं पिवळं असतं. फोटोत हे दिसत नाही की पीक छातीपर्यंत येतं, दोन्हीकडून वाटेवर झुकलेलं असतं, रात्री पाऊस पडलेला असला तर चिंब ओलं असतं, आणि दहा मिनिटांनी पलीकडे निघालात की कमरेपासून खाली भिजलेले आणि वर पिवळे. आमची वरात बाहेर पडली तेव्हा सगळेच हळद लागल्यासारखे. माझं ते जॅकेट दोनदा धुतलं, डाग आहेत. शिवाय कुंपणाच्या कडेला नेटल, म्हणजे खाजकुइलीचं विलायती भावंड म्हणा, आणि नवऱ्याच्या उघड्या पिंढऱ्या. एका काकूंनी डॉक नावाचं रुंद पान तोडून चोळायला दिलं, इथला घरगुती उपाय आहे तो, गुण आला की नुसतं चोळण्यात वेळ गेला ते त्यालाच माहीत. फुल पँट घाला. कितीही ऊन असो.

गाईंचं शेत आलं तेव्हा आजोबांनी सगळ्यांना गोळा केलं. गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही, पळायचं नाही, शांत कडेने जायचं, आणि गाई अंगावर आल्याच तर कुत्र्याचा पट्टा सोडून द्या, कारण त्यांचा राग कुत्र्यावर असतो आणि कुत्रा पळू शकतो, तुम्ही नाही. आणि बैल? दुभत्या जातीचा दहा महिन्यांवरचा वळू पायवाटेच्या शेतात ठेवायला बंदी आहे पण मांसाच्या जातीचा गाईंबरोबर असला तर चालतो. हे ऐकल्यावर मी जे काही मोठं दिसेल त्याची जात ओळखायचा प्रयत्न करत होते. आई मात्र सरळ हॅक हॅक करत निघाल्या आणि गाई बाजूला झाल्या, इंग्रजी गाईंना ते कसं कळलं देव जाणे. मागून टाळ्या.

आणखी एक प्रसंग आईंचाच. गमली गावाच्या चढाआधी एका झाडाखाली खायला थांबलो, बसायला काही नाही, ओल्या गवतावर ज्याच्याकडे प्लॅस्टिक होतं तो बसला बाकीचे उभे. इथे चिखल असा की लेस्टरशायरची चिकणमाती एकेका बुटाला किलोभर चिकटते आणि आपण दोन इंच उंच होऊन चालायला लागतो. निघताना बॅकमार्कर बाईंनी मोजलं, सतरा, ओके. आई म्हणाल्या सोळा आहेत. मी म्हणलं त्यांनी मोजलंय हो. म्हणाल्या, तिने स्वतःला दोनदा मोजलं, मी बघत होते. आणि खरंच, ते मास्तर झुडपामागे गेलेले, सॅक वाटेवर ठेवलेली पण ती कुणीतरी चांगुलपणाने उचलून बाजूला झाडाला टेकवून ठेवलेली. पाच मिनिटांनी ते आले तेव्हा सगळे त्यांच्यासाठी उभे, त्यांना काही कळेना. तिथून पुढे मोजणी अधिकृतपणे आईंकडे. मराठीत मोठ्याने मोजायच्या, आणि शेवटी बॅकमार्कर बाई विचारायच्या, सत्रा? तर त्या म्हणायच्या, सतरा.

गमली टेकडीवर आहे, छोटं गाव, सेंट हेलेनचं चर्च. इथे ७४९ साली मर्सिया या जुन्या राज्याचा राजा एथेलबाल्ड याने चर्चवाल्यांची मोठी सभा भरवून चर्चच्या जमिनींना करातून बरीच सूट दिली होती. आता तिथे आम्हाला एक मांजर आणि बंद दरवाजे दिसले. गावाबाहेरच्या कुरणात मात्र बघा, जमीन लाटांसारखी वरखाली दिसते, उन्हं तिरकी असतील तर जास्तच, त्या मध्ययुगातल्या नांगरटीच्या वरंब्या-सऱ्या आहेत, नंतर तिथे कायमचं गवत राहिलं म्हणून शिल्लक. वरंबा आणि सरी हे दोन शब्द मला आईंनी सांगितले, मी तोवर 'वेव्हज' म्हणत होते.

मग उतरून कॅनॉलला वरच्या अंगाने लागायचं आणि तुम्ही येता ते थेट लॉक्सच्या माथ्यावर, आणि इथे आजोबांना मानलं, कारण हेच सुरुवातीला दाखवलं असतं तर पुढचा दिवस फिका पडला असता. दहा लॉक्स, पाच-पाचचे दोन जिने, मधे बोटींना एकमेकींना ओलांडायला जागा. एकूण ७५ फूट उतार, १८१४ पासून चालू. जिना का म्हणायचं तर एका लॉकचा खालचा दरवाजा हाच पुढच्याचा वरचा दरवाजा, मधे मोकळा कॅनॉलच नाही. बोट आत घ्यायची, दार बंद, पाणी सोडायचं, बोट खाली बसते, पुढचं दार, असं दहा वेळा, पाऊण तास ते तास लागतो. पाणी थेट खालच्या लॉकमध्ये न जाता बाजूच्या तळ्यात जातं आणि तिथून पुढच्यात, त्यामुळे झडपा दोन रंगांच्या, लाल आणि पांढऱ्या, आणि लॉककीपर लोकांचं एक यमक आहे ज्याचा अर्थ असा की आधी लाल मग पांढरी तर सगळं ठीक, आधी पांढरी मग लाल तर मेलेलं बरं. लाइफ जॅकेट घातलेले व्हॉलंटियर सगळ्यांना हे हसत समजावतात, आईंना पण दार ढकलायला दिलं. पाठ टेकवायची त्या लांब दांड्याला आणि पायाने रेटायचं, हाताने नाही. एवढं अवजड दार एक बाई हलवू शकते हे बघून त्यांना जो आनंद झाला तो इथल्या कुठल्याही मॉलमध्ये झाला नव्हता.

बाजूच्या उतारावर एका मोठ्या जुन्या यंत्राचे अवशेष आहेत, ते चुकवू नका. लॉक्स अरुंद, वेळखाऊ, म्हणून १९०० साली इथे एक कलता मार्ग सुरू केला, गॉर्डन थॉमस या इंजिनियरचं डिझाइन, पाण्याने भरलेल्या दोन मोठ्या टाक्या रुळांवर, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली, तोल एकमेकींचा, वाफेचं इंजिन नुसतं मदतीला. टाकीत दोन नॅरोबोटी तरंगत बसायच्या आणि तासाभराचं काम १२ मिनिटांत. आणि तरी १९११ ला बंद, १९२८ ला भंगारात. कारण कॅनॉलच्या दुसऱ्या टोकाचे वॉटफर्डचे लॉक्स रुंद केलेच नाहीत, मग मोठ्या बोटी येणार कुठून, आणि दोन-चार बोटींसाठी दिवसभर बॉयलर पेटता ठेवणं परवडेना. जुन्या बॉयलर हाउसमध्ये छोटं म्युझियम आहे. नवरा फाटक्या शॉर्ट्समध्ये तिथे वीस मिनिटं उभा होता, प्रोजेक्ट मॅनेजर आहे तो, म्हणाला हे माझ्या ऑफिसात रोज होतं.

पबचं थोडक्यात. नाव घेत नाही. १४ जण आत शिरलो, कुणी आधी फोन केलेला नव्हता, जेवण यायला ५० मिनिटं, चिप्स गार. चूक पबची कमी, आमची जास्त, ग्रुपने आदल्या दिवशी फोन करायला हवा. पण एक चांगलं, सगळे आपापले चिखलाचे बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत गेले, नुसती बुटांची रांग बाहेर, आईंना एकदम घरच्यासारखं वाटलं. गाडीत सुके मोजे, जुनी चप्पल आणि बुटांसाठी प्लॅस्टिकची पिशवी ठेवा, आम्ही ठेवली नव्हती, कारपेट अजून घासतेय.

माणसांबद्दल लिहायचं राहिलं. आम्ही तिघेच वेगळे दिसणारे होतो, मला जरा धाकधूक होती. तसं काही झालं नाही. चालताना गप्पा मारणं सोपं जातं कारण तोंडाकडे बघावं लागत नाही, दहा मिनिटं याच्याबरोबर, मग एक स्टाईल येते, रांग मोडते, पुढची दहा मिनिटं दुसऱ्याबरोबर. कुणी नोकरी काय, घर कितीचं असं विचारलं नाही, हवामान, गुडघे आणि कुत्रे या तीन विषयांवर साडेतीन तास निघाले.

घरी आल्यावर मी लीडर आजोबांना मेसेज केला, थँक्यू वगैरे लिहून मग स्टाईलचं लिहिलं, त्या खुब्याच्या ऑपरेशनवाल्या बाईंचं लिहिलं, मागच्यांना दोन मिनिटं द्या, टॉयलेट नाही हे आधी सांगा, हे सगळं. वाटलं आता राग येणार. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी एक ओळ आली, बरोबर आहे तुमचं, मी चाळीस वर्षं चालतोय त्यामुळे मला त्या दिसतच नाहीत. आणि काल पुढच्या वॉकचं लिस्टिंग आलं. सात मैल, स्टाईल चार, त्यातली एक उंच, किसिंग गेट सहा, टॉयलेट फक्त सुरुवातीला, एका शेतात गाई. मी आईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, किसिंग म्हणजे?